नजरेत भरणे आणि विचारणे : ‘मालविकाग्निमित्रा’च्या निमित्ताने

१

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत एक कथानक ठरावीक काळाने परतून येते. मालिकेतील नेहमीचे एखादे पात्र कुणावर तरी पाहताक्षणी भाळते. दोघेही देखणी असतात, ओढ परस्परांना असते. मात्र दोघांजवळ बोलण्यासारखे काही नसते. समोरासमोर बसले की शांतता पसरते आणि ध्वनिफितीवरचा हशा ती शांतता भरून काढतो. भाग संपता संपता दोघे वेगळी होतात, आणि पुढच्या आठवड्यात त्या पाहुण्या पात्राचे नावही कुणी काढत नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात स्थिरावलेला आणि आपल्याकडे १९८४ साली ‘ये जो है ज़िंदगी’ने घराघरात नेलेला हा प्रकार एका अलिखित नियमावर चालतो : भागाच्या शेवटी सारे ‘जैसे थे’ झाले पाहिजे. जे घडले त्याचा माग पुढे उरता कामा नये.

या कथानकातील हशात एक नैतिक निवाडा दडलेला असतो. केवळ शारीरिक आकर्षणावर उभे राहिलेले प्रेम हे प्रेम नव्हे, ते उथळ आहे आणि म्हणून हास्यास्पद आहे, असा तो निवाडा. प्रेक्षक हसतो तेव्हा तो या निवाड्यावर न कळत सही करीत असतो. परंतु हा निवाडा कोणत्या आधारावर दिला जातो, हे क्वचितच तपासले जाते. देहाची ओढ हा दोष आहे की ‘केवळ’ या शब्दात दोष आहे? आणि ‘केवळ’मध्ये असेल, तर त्या नात्यात नेमके काय उणे आहे? मनाची ओढ मिसळली की ते उणे भरून निघते काय?

हे प्रश्न आधुनिक माध्यमाने निर्माण केलेले नाहीत. पाहताक्षणी जडलेले प्रेम, ते साधून देण्यासाठी धडपडणारा विनोदी मित्र, ऐन वेळी टपकणारी पत्नी, फसलेले बेत आणि शेवटी सर्वांचे समाधान, हा सारा सरंजाम भारतीय रंगभूमीवर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच सिद्ध झालेला होता. कालिदासाचे ‘मालविकाग्निमित्र’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. विदर्भातील वाचकाला ते अधिक जवळचे वाटावे, कारण त्याची नायिका विदर्भाची राजकन्या आहे. डॉ. वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहून केलेल्या संशोधनात मेघदूतातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक होय असे प्रतिपादन केले आणि कालिदासाचा वाकाटकांच्या विदर्भाशी असलेला संबंध दाखवला. तेव्हापासून या प्रदेशाला कालिदास आपला वाटत आला आहे. तथापि येथील उत्सवी आस्थेला यक्षाचा विरह जितका परिचित आहे, तितकी विदर्भाची ही कन्या परिचित नाही.

२

नाटकाचा नायक विदिशेचा शुंगवंशीय राजा अग्निमित्र. चित्रशाळेत तो राणी धारिणीचे नवे चित्र पाहतो. चित्रात राणीजवळ उभी असलेली एक अपरिचित मुलगी त्याच्या नजरेत भरते. हिचे नाव काय, असे तो विचारतो. राणी टाळते. तो पुन्हा विचारतो, तेव्हा लहानगी राजकन्या वसुलक्ष्मी बालस्वभावाने सांगून टाकते : ही मालविका. एवढ्यावर प्रेमाची उभारणी होते. प्रत्यक्ष मुलगी अद्याप दिसलेलीही नाही; जे आवडले ते चित्र आहे.

यानंतर राजाची सारी धडपड तिला प्रत्यक्ष पाहण्याची आहे. विदूषक गौतम गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत भांडण लावून देतो. श्रेष्ठ कोण हे शिष्येच्या प्रयोगावरून ठरावे असे ठरते आणि गणदासाची शिष्या म्हणून मालविका रंगमंचावर येते. तिला पाहून राजाच्या मनात पहिला विचार येतो तो चित्राशी तुलनेचा. चित्रकाराने रूप वाढवून दाखवले असावे अशी त्याला शंका होती; आता त्याला वाटते की चित्रकाराचीच एकाग्रता ढळली होती. म्हणजे पारखले जाते ते चित्राचे आणि देहाचे प्रमाण. ती गाते, पण गीताचे शब्द शर्मिष्ठेचे आहेत. पराधीन स्त्रीने दुर्लभ प्रियकराला उद्देशून म्हटलेले ते गीत राजा आणि विदूषक आपल्यासाठीचा निरोप म्हणून वाचतात. मालविकेचा आवाज असा दुसऱ्याच्या शब्दांतून आणि तिसऱ्याच्या इच्छेतून ऐकला जातो.

नाटकाच्या प्रारंभी घडणाऱ्या दोन छोट्या गोष्टींकडे या संदर्भात विशेष लक्ष द्यावयास हवे. पहिली गोष्ट गणदासाची. ही शिष्या राणीला कुठून मिळाली, असे तो दासी बकुलावलिकेला विचारतो. सीमेवरील दुर्गाचा अधिकारी आणि राणीचा भाऊ वीरसेन याने ती कलानिपुण म्हणून बहिणीकडे पाठवली, असे उत्तर मिळताच गणदासाच्या मनात येते की ही मुलगी सामान्य कुळातील नसावी. दुसरी गोष्ट राजकारणाची. त्याच अंकात विदर्भाच्या यज्ञसेनाचे पत्र राजाला वाचून दाखवले जाते. यज्ञसेनाचा चुलतभाऊ माधवसेन अग्निमित्राकडे येत असताना पकडला गेला आहे आणि त्या धांदलीत त्याची बहीण हरवली आहे, तिच्या शोधाचा प्रयत्न केला जाईल, असे त्या पत्रात आहे. राजा संतापतो आणि विदर्भावर चाल करण्याची आज्ञा देतो.

एक मुलगी विदर्भाच्या वाटेवर हरवली आहे. एक अनोळखी, सुसंस्कृत मुलगी विदर्भाच्या सीमेवरून घरात आली आहे. हे दोन धागे जोडण्यासाठी फार मोठ्या बुद्धीची गरज नाही. नृत्यशिक्षकाने एक प्रश्न विचारला आणि तो उत्तराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला. राजा मात्र पाचव्या अंकापर्यंत त्या मुलीसाठी झुरतो, कट करतो, पत्नींसमोर खोटे बोलतो; पण तू कोण, कुठली, तुझे माणूस कोण, हे एकदाही विचारीत नाही. जिच्या देशाविरुद्ध त्याचे सैन्य लढत आहे, ती राजकन्या त्याच्याच राजवाड्याच्या तळघरात, राणीच्या आज्ञेने, कैदेत पडलेली असते. तिला सोडवायला तो विदूषकाला सर्पदंशाचे सोंग करायला लावतो आणि राणीची सर्पमुद्रेची अंगठी मिळवतो. सुटकेसाठी इतकी युक्ती खर्च करणाऱ्या माणसाला एक साधा प्रश्न सुचत नाही.

नाट्यतंत्राच्या दृष्टीने याचे स्पष्टीकरण सोपे आहे. ओळख आधीच पटली तर पाचवा अंक उरणार नाही. तसेच मालविका वर्षभर दास्यात राहील आणि मग अनुरूप पती मिळवील, या सिद्धपुरुषाच्या भविष्यवाणीमुळे परिव्राजिका कौशिकी सारे ठाऊक असूनही मौन बाळगते, अशी तजवीजही कवीने केली आहे. परंतु कौशिकीच्या मौनाला कारण द्यावे लागले, राजाच्या मौनाला द्यावे लागले नाही, ही बाब अर्थपूर्ण आहे. अशा प्रकारच्या प्रेमात प्रश्न विचारला जात नाही, हे कवी आणि प्रेक्षक दोघांनीही गृहीत धरलेले आहे.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. रूपावर जडलेले प्रेम उथळ का? सर्वपरिचित उत्तर असे : रूप नाशवंत आहे आणि ते दुसरीकडेही सापडते. उद्या अधिक देखणी व्यक्ती दिसली तर प्रेमाने तिकडे वळावे, हेच त्या प्रेमाच्या तर्काला धरून होईल. ‘मालविकाग्निमित्रा’त या उत्तराचा पुरावा इरावतीच्या रूपाने उभा आहे. ती राजाची धाकटी राणी, काल-परवापर्यंत त्याच्या प्रीतीचा विषय. तिसऱ्या अंकात अशोकाखाली राजाला मालविकेजवळ पाहून ती मेखलेने त्याला मारायला धावते आणि प्रेक्षक हसतो. चौथ्या अंकात समुद्रगृहातील एका चित्रात राजा कुणाकडे तरी टक लावून पाहताना दाखवलेला आहे. ती कोण, असे मालविका विचारते. ती इरावती असते. चित्रामुळे जिच्यावर प्रेम जडले ती मुलगी आपल्या आधीच्या प्रेमपात्राचे चित्र पाहत उभी आहे. नाटकातील हा क्षण हलक्याफुलक्या असूयेत विरून जातो, तरी मालविकेचा उद्या त्या भिंतीवर रंगवलेला असतो.

मात्र नाशवंतपणाचा हा आक्षेप वाटतो तितका भक्कम नाही. सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत पास्काल याने हा प्रश्न शेवटपर्यंत नेऊन पाहिला. देवीच्या रोगाने माणूस मरत नाही, पण त्याचे रूप जाते. तेव्हा रूपासाठी केलेले प्रेम त्या माणसावरचे नव्हते, हे तो मान्य करतो. पण मग तो पुढे विचारतो की बुद्धीसाठी किंवा स्मरणशक्तीसाठी प्रेम केले तर काय? तेही गुण माणूस जिवंत असताना जाऊ शकतात. आणि अधिक बुद्धिमान माणसे जगात असतातच. रूपाविरुद्ध दिलेला युक्तिवाद असा विद्वत्ता, विनोदबुद्धी, रसिकता या सर्वांविरुद्ध तितकाच लागू पडतो. विनोदी मालिकेतील नायकाला भागाच्या शेवटी ‘बोलण्यासारखे काही असलेली’ दुसरी जोडीदार मिळाली, तरी एका गुणाच्या जागी दुसरा गुण आला एवढेच घडते. देह आणि मन यांत रेघ ओढून नैतिक उच्चनीचता ठरवण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही.

भारतीय साहित्यशास्त्राने हा प्रश्न निराळ्या बाजूने हाताळला. भरताने हास्याचा उगम शृंगारात सांगितला आणि अभिनवगुप्ताने त्याचा उलगडा ‘आभास’ या संकल्पनेने केला. रावणाची सीतेविषयीची रती रावणाच्या लेखी शृंगारच आहे. पाहणाऱ्याला ती शृंगाराचा आभास म्हणून दिसते आणि तेथून हास्य उद्भवते. पुढील शास्त्रकारांनी शृंगाराभासाची स्थाने मोजताना ‘अनुभयनिष्ठ’ रतीचा, म्हणजे दोघांच्या ठिकाणी नसलेल्या रतीचा, समावेश केला. येथे एक मौलिक दृष्टी आहे. रती देहाची की मनाची, हा निकष शास्त्राने मानला नाही. ती एकीकडेच आहे की दोहींकडे, हा मानला.

तरीही या निकषाचा प्रचलित अर्थ अपुरा पडतो. विनोदी मालिकेतील त्या दोघांची ओढ परस्परांना आहे. मालविकाही अग्निमित्रावर अनुरक्त आहे; ज्याचे मन ठाऊक नाही अशा स्वामीची अभिलाषा धरल्याची तिला लाज वाटते. म्हणजे भावना दोन्हीकडे आहे आणि तरीही आभासाची जाणीव होते. याचा अर्थ असा की दोन व्यक्तींच्या मनात एकाच वेळी ओढ असणे म्हणजे उभयनिष्ठता नव्हे. दोन आरसे समोरासमोर ठेवले म्हणजे संवाद होत नाही. प्रत्येकाच्या ओढीत दुसऱ्याला जागा असली पाहिजे. आणि ही जागा दुसऱ्याच्या रूपाला किंवा गुणालाच नव्हे, तर त्याच्या सांगण्याला असली पाहिजे.

मराठी भाषेने हा भेद फार सहजपणे जपला आहे. ‘विचार’ आणि ‘विचारणे’ ही एकाच धातूची अपत्ये. ‘विचारपूस’ हा शब्द प्रश्न आणि जिव्हाळा एकत्र बांधतो. आणि ‘त्या घरात तिला कोणी विचारीत नाही’ असे म्हणताना विचारणे म्हणजे प्रश्न करणे हा अर्थ मागे पडून, किंमत देणे, माणसात जमा धरणे हा अर्थ पुढे येतो. मालविका राजाच्या नजरेत भरली, त्याच्या मनातही भरली. तिला कोणी विचारले नाही. ‘केवळ’ या शब्दातील उणेपण हे आहे. ते देहाच्या बाजूला नाही. प्रश्नाच्या अभावात आहे.

४

हा निष्कर्ष तपासून घेण्यासाठी विरुद्ध टोकाचे उदाहरण घ्यावयास हवे. तेही विदर्भाकडेच सापडते. भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. त्याच्या ‘उत्तररामचरिता’तील प्रेम म्हणजे उथळपणाचे दुसरे टोक : सुखदुःखांत एकरूप झालेले, वयाने न ओसरणारे, काळाने मुरत गेलेले. तेथेही पहिल्याच अंकात चित्रे आहेत. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. अग्निमित्राला चित्राने अनोळखी रूप दाखवले. रामाला चित्र दोघांनी मिळून भोगलेला काळ दाखवते. प्रेमाच्या खोलीचे याहून सुंदर दृश्य संस्कृत नाटकात विरळा.

आणि याच अंकाच्या शेवटी सीतेचा त्याग होतो. ती रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपलेली असते. दुर्मुख येऊन लोकापवादाची वार्ता रामाच्या कानी घालतो. राम विलाप करतो, स्वतःला दोष देतो, आणि झोपलेल्या सीतेला तशीच ठेवून निघून जातो. तिला जागे केले जात नाही. ज्या निर्णयाने तिचे आयुष्य दुभंगणार आहे, तो तिच्या निद्रेत घेतला जातो. रामाचे प्रेम खोटे होते असे म्हणण्यास नाटकात यत्किंचितही आधार नाही; तिसऱ्या अंकातील त्याचा शोक त्याची साक्ष देतो. पण मालविकेला तिच्या प्रियकराने विचारले नाही, तसे सीतेलाही विचारले गेले नाही. उथळ प्रेमाचा राजा आणि अथांग प्रेमाचा राजा या एका ठिकाणी शेजारी उभे राहतात. किंबहुना परिणामांच्या मोजमापात अथांग प्रेमच अधिक दाहक ठरले. प्रेमाची खोली ही प्रेमाच्या न्याय्यतेची हमी नव्हे, हा भवभूतीने दिलेला धडा आहे. आणि सीता झोपलेली दाखवून त्याने तो फार नेमकेपणाने दिला आहे.

दुसरा आक्षेप खुद्द कालिदासाकडूनच येतो. ‘शाकुंतला’त दुष्यंत विचारतो. ही कण्वाची कन्या कशी, ती आजन्म आश्रमातच राहणार काय, असे तो तिच्या सख्यांना विचारून घेतो. विचारणे हाच निकष असेल तर हे प्रेम निर्दोष ठरावयास हवे; आणि हाच राजा पुढे तिला ओळखत नाही. शाप हे कथेतील कारण झाले. पण दुष्यंताच्या प्रश्नांचे स्वरूपही पाहण्याजोगे आहे. ते शकुंतलेला विचारलेले नाहीत, शकुंतलेविषयी विचारलेले आहेत. आणि ती क्षत्रियाला वरण्यायोग्य आहे की नाही, याची खातरजमा करून घेणे हा त्यांचा हेतू आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याच्या सोयीचे निघाले की जिज्ञासा संपते, तो प्रश्न म्हणजे चौकशी. पाचव्या अंकात शकुंतला स्वतः बोलते, आठवणी सांगते, तेव्हा तिच्या शब्दाला दरबारात किंमत मिळत नाही. अंगठी सापडल्यावर मिळते. तेव्हा निकष अधिक नेमका करावा लागतो : विचारणे म्हणजे उत्तराला किंमत देण्याची तयारी, ते उत्तर आपल्या इच्छेला अडचणीचे असले तरीही.

तिसरा आक्षेप आधुनिक आहे. दोन प्रौढ व्यक्तींनी कसलाही आव न आणता, फसवणूक न करता, देहापुरते नाते मान्य केले तर त्यात अनैतिक काय? विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ने १९७२ साली हा प्रश्न मराठी रंगभूमीवर आणला. सखाराम लग्नाचे ढोंग नाकारतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईला घरी आणतो आणि उंबरठ्यातच अटी सांगतो : अन्न, वस्त्र, निवारा मिळेल, न पटल्यास जाता येईल. या स्पष्टवक्तेपणात एक उग्र प्रामाणिकपणा आहे आणि प्रतिष्ठित विवाहसंस्थेच्या दांभिकतेपुढे तो उजळही दिसतो. परंतु अटी सांगणारा आवाज एकट्याचा आहे. चंपा आल्यावर तिच्या देहाने सखाराम झपाटला जातो. आणि त्याचा स्पर्श सोसता यावा म्हणून ती दारू पिऊ लागते. ती का पिते, हे रोज दिसत असूनही सखाराम ते उत्तर ऐकण्याच्या स्थितीत नसतो. नाटकाभोवती परिनिरीक्षण मंडळापासून उच्च न्यायालयापर्यंत जो वाद पेटला, त्याचा भर देहाच्या आणि भाषेच्या उघडेपणावर होता. अश्लीलतेच्या त्या चर्चेत चंपेच्या पेल्यातील प्रश्न बाजूला राहिला. संमती ही नात्याच्या दारात एकदा घेऊन ठेवायची पावती नाही. ती रोजच्या विचारण्याने जिवंत राहते, हे या नाटकाचे नैतिक सार मानता येईल.

५

केवळ आकर्षणावर हसणारा मध्यमवर्गीय प्रेक्षक स्वतः कोणत्या व्यवस्थेत वाढला आहे, हेही पाहिले पाहिजे. ‘मुलगी पाहणे’ हा महाराष्ट्रातील विवाहसंस्थेचा दीर्घकाळ मान्य विधी आहे. शब्दच पुरेसा बोलका आहे : मुलगी पाहायची असते. आधी छायाचित्र जाते, सोबत पत्रिका. जाहिरातीत गोरा वर्ण आणि उंची यांचा उल्लेख होतो. मग पोह्यांचा कार्यक्रम आणि ‘मुलगी पसंत आहे’ हा निरोप. चित्रावरून प्रत्यक्षाकडे, प्रत्यक्षावरून निर्णयाकडे, हा अग्निमित्राचाच प्रवास आहे. फरक एवढाच की त्यात विदूषकाचे काम मध्यस्थ करतो आणि सारे वडीलधाऱ्यांच्या संमतीने होते. मुलीला प्रश्न विचारले जातात हे खरे. परंतु ते दुष्यंताच्या जातीचे आहेत. शिक्षण किती, स्वयंपाक येतो काय, नोकरी सोडणार काय, ही पडताळणी आहे. ‘तुला काय वाटते’ हा प्रश्न अनेक घरांत होकार देऊन झाल्यावर विचारला गेला, आणि कित्येकींच्या बाबतीत तो विचारलाच गेला नाही. तरुण-तरुणींनी आपसांत रूपावर भाळणे हास्यास्पद, आणि तेच रूप दोन कुटुंबांनी बैठकीत पारखणे संस्कार, ही विभागणी नैतिक विचारातून आलेली नाही. आकर्षणाला नाके मुरडणाऱ्या या समाजाला खरी भीती आकर्षणाची नसून ते कोणत्या जातीच्या, कोणत्या घरातील व्यक्तीविषयी वाटेल याची असते. ‘मालविकाग्निमित्रा’चा शेवटही याच भीतीचे शमन करतो. दासी म्हणून जी अडचण होती ती राजकन्या निघाल्यावर उरत नाही. कूळ कळताच वासनेचे रूपांतर विवाहात होते आणि राणी धारिणी स्वहस्ते मालविका राजाला देते.

सर्वांचे समाधान झाले असे म्हणताना इरावतीचा निरोप विसरू नये. शेवटच्या अंकात ती दासीकरवी कळवते की आपण उपचारभंग केला, तो अपराध क्षमा व्हावा. जिला फसवले तिने क्षमा मागावी आणि त्यावर पडदा पडावा, ही त्या सुखान्ताची किंमत आहे. विनोदी मालिकेच्या ‘जैसे थे’ या नियमाचे मूळ येथे दिसते. सुखात्मिकेला सर्व काही पूर्ववत करायचे असते; आणि पूर्ववत करण्यासाठी कोणाला तरी आपली तक्रार गिळावी लागते.

६

अग्निमित्राने शेवटी विदर्भ दोघा भावांत वाटून दिला आणि वरदा, म्हणजे आजची वर्धा नदी, सीमा ठरवली. याच वर्धेच्या काठी, अमरावती जिल्ह्यात, कौंडण्यपूर आहे. भागवतातील रुक्मिणीचे कुंडिनपूर ते हेच, अशी श्रद्धा आहे. नरेंद्रापासून एकनाथांपर्यंत मराठी कवींना रुक्मिणीस्वयंवराची ओढ वाटत आली. एकनाथांनी आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ १५७१ साली काशीत पूर्ण केले. या कथेचे आकर्षण निव्वळ भक्तीने उलगडत नाही. रुक्मिणीनेही कृष्णाला पाहिलेले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून त्याचे रूप आणि गुण ऐकून तिने त्याला मनाने वरले आहे. म्हणजे प्रारंभ येथेही रूपाचाच आहे, आणि रूपाची ओढ तिने लपवलेली नाही. पण नंतर ती थांबून राहत नाही. एका ब्राह्मणाकरवी ती स्वतःच्या शब्दांत निरोप पाठवते : आपल्याला काय हवे, काय नको, विवाहाच्या आदल्या दिवशी देवीच्या दर्शनाला आपण नगराबाहेर कधी येऊ आणि तेथून कसे न्यावे. कृष्णाने केले ते एवढेच की तो निरोप ऐकला आणि तसा आला.

एकाच नदीच्या काठाने विदर्भाच्या दोन राजकन्या सांगितल्या. एकीचे चित्र फिरले, दुसरीचे पत्र. दोन्ही कथांत देहाची ओढ आहे. तिने एका कथेला हलके केले आणि दुसरीला केले नाही. तेव्हा प्रेमाच्या प्रतवारीचा प्रश्न देह की आत्मा या जुन्या द्वंद्वात शोधण्यात अर्थ नाही. देहाची ओढ ही प्रेमाची खालची पायरीही नव्हे, शत्रूही नव्हे. ती एक हाक आहे, आणि हाकेनंतर काय विचारले जाते यावर तिची नैतिकता ठरते.

‘मालविकाग्निमित्रा’च्या पाचव्या अंकात जिंकलेल्या विदर्भातून भेट म्हणून पाठवलेल्या दोन मुली दरबारात येतात. कलानिपुण म्हणून त्यांनाही पाठवण्यात आले आहे, मालविकेसारखेच. समोर मालविका दिसताच त्या तिला ओळखतात आणि तिघी रडू लागतात. राजा विस्मयाने विचारतो, ही कोण? ज्यांना तिच्याकडून काही नको होते आणि ज्यांनी तिला तिच्या घरात पाहिले होते, त्यांना एका दृष्टिक्षेपात जे दिसले, ते चार अंक तिच्याकडेच पाहत असलेल्या प्रियकराला विचारावे लागले. प्रेक्षक तेव्हा आनंदलेला असतो; आता सारे सुरळीत होणार हे त्याला कळून चुकलेले असते. दरबारात आणलेल्या त्या दोन मुलींचे पुढे काय झाले, त्या कुणाच्या, त्यांना घरी परतायचे होते काय, हे मात्र नाटकात कोणी विचारीत नाही.